वन्संचं सहाच्या आतलं जेवण



गेल्या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघरातून सुरू होतो, पण तिथे थांबत नाही. जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. २०१९ च्या डिसेंबरात सासऱ्यांच्या पुण्यतिथीला आम्ही सांगलीपासून थोड्या अंतरावरच्या एका वृद्धाश्रमात जेवण दिलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, काकडीची कोशिंबीर, सगळं कांदा-लसणाशिवाय. पुरण मी स्वतः वाटलं होतं. पण दीर दुकान बंद करून येणार, पुतण्या कॉलेजमधून येणार, मग बॅनर लावायचा, फोटो काढायचा. निघेपर्यंत सहा वाजून गेले आणि पानं वाढायला पावणेआठ झाले. आजी-आजोबा साडेसहापासून खुर्च्यांवर बसून होते. कोपऱ्यातल्या एका आजींनी ताट उलटं घालून ठेवलं होतं. मी वाढायला गेले तर म्हणाल्या, "मी सूर्यास्तानंतर घेत नाही बाळ, तू बाकीच्यांना वाढ."

मी म्हटलं, मग तुम्ही आधी जेवलात का? त्या काही बोलल्या नाहीत. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आज दात्यांचं जेवण होतं ना, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाकच केला नाही."

म्हणजे पुण्य आम्ही घेतलं आणि त्या माउली उपाशी झोपल्या. खरी लाज वाटायची गोष्ट पुढे आहे. मी स्वतः रात्रिभोजन करत नाही. त्या दिवशी मी घरून साडेपाचला जेवून निघाले होते.

हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. फोटो मात्र सगळ्या ग्रुपवर पाठवले.

पुढे २०२२ मध्ये आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, त्याच आश्रमात राहायला गेल्या. वय ७८, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही खूप म्हटलं, पण त्यांनीच ठरवलं की कुणाच्या जिन्यावर अडकून राहायचं नाही. नातेवाइकांत काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी बोलायचं ते बोलले, एकानेही "आमच्याकडे पाठवा" असं म्हटलं नाही.

महिन्याला १५,००० रुपये आणि दीड लाख अनामत. वन्संना पतीची फॅमिली पेन्शन आहे, त्यातून भागतं. म्हणजे हा धर्मादाय आश्रम नाही, पैसे घेऊन चालणारा आहे. हे लक्षात ठेवा, कारण तिथे गेल्यावर कुणालाच ते लक्षात राहत नाही. रहिवासी असे वागतात जणू कुणी उपकार केले आहेत, आणि चालवणारे असे वागतात जणू आपण उपकार करतो आहोत. मी तीन वर्षं जातेयेते आहे, पण अजून तिथे कुणी "मी पैसे भरते" असं म्हणताना ऐकलेलं नाही.

पहिल्या दोन महिन्यांत वन्सं बारीक झाल्या. विचारलं की "भूक नसते गं" म्हणायच्या. शेवटी कळलं. जेवण साडेसातला यायचं, आणि त्या दुपारचीच एक चपाती रुमालात गुंडाळून ठेवून पाच वाजता पाण्याबरोबर खायच्या. आयुष्यभर गाळलेलं पाणी प्यायलेली आणि पर्वाला एकाशन करणारी बाई चोरासारखी चपाती लपवत होती. मी म्हटलं, सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, "तक्रार करणाऱ्याला ठेवून घेत नाहीत. मागच्या वर्षी एका बाईंच्या मुलाला फोन करून सांगितलं, आठ दिवसांत घेऊन जा."

मी १९८१ ची बी. कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी वीस वर्षं मीच लिहिली. त्यामुळे राग आला की मी आधी हिशेब काढते. वन्संच्या बिलांची फाइल घेऊन बसले. दर महिन्याला एक ओळ: "औषधे व इतर". कधी १,८००, कधी २,३४०. व्हाउचर नाही, तपशील नाही. फार पाठपुरावा केल्यावर तपशील आला, त्यात मोठ्यांचे डायपर होते. वन्सं डायपर वापरतच नाहीत. चोरी म्हणावी असंही नव्हतं. ऑफिसातला मुलगा एकूण खर्च काढून बावीस जणांत सारखा वाटत होता, बस. त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आता थोडं वेगळ्या गावाला जाऊ या. २०२३ च्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला गेले. लेक फिजिओथेरपिस्ट आहे, तिथल्या एका नर्सिंग होममध्ये काम करते. नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नव्हे. ज्यांना रोजचं करायला माणूस लागतो अशी म्हातारी माणसं तिथे कायमची राहतात. नाताळच्या आधी तिथे कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. पुढच्या दारातून आत गेल्यावर भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. रहिवाशांचे हक्क, आणि खाली तक्रार करायचा फोन नंबर. तो नंबर त्या संस्थेचा नव्हता, बाहेरच्या माणसाचा होता.

मी लेकीला तो कागद सगळा वाचून दाखवायला लावला. आपलं वैद्यकीय कागदपत्र स्वतः बघण्याचा हक्क. आपलं पत्र न फोडता मिळण्याचा हक्क. खोलीतला जोडीदार बदलणार असेल तर आधी कळण्याचा. बांधून न ठेवलं जाण्याचा. संस्थेतून काढायचं असेल तर ठरावीक कारणांसाठीच, आणि साधारणपणे ३० दिवस आधी लेखी कळवून. तक्रार केली म्हणून त्रास न होण्याचा. आणि माझ्यासारखीला सगळ्यात आवडलेला हक्क असा: संस्थेकडे आपले पैसे ठेवायला दिले असतील तर दर तीन महिन्यांनी त्यांचा हिशेब लेखी मिळतो. इतकंच काय, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. पोटभरीचा खाऊ रात्री देऊन ते वाढवायचं असेल, तर रहिवाशांच्या मंडळाची संमती लागते. राहणाऱ्यांची संमती! मी ते वाक्य लेकीकडून दोनदा वाचून घेतलं.

तिथे एक गुजराती जैन बा होत्या. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच अंधार पडतो आणि तिथलं जेवण पाचला. त्यांचा ट्रे चारला येत होता. लेक म्हणाली, "आई, त्यांनी सांगितलं, त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलं, झालं." मला वन्संची रुमालातली चपाती आठवली.

हा कागद तिथल्या सरकारला आपोआप सुचला नाही. परत आल्यावर लेकीने पाठवलेलं बरंच वाचलं. एल्मा होल्डर नावाच्या एका बाईंनी १९७५ मध्ये देशभरातल्या लहान लहान गटांना एकत्र करून एक संघटना काढली. नाव लांबलचक: नॅशनल सिटिझन्स कोअलिशन फॉर नर्सिंग होम रिफॉर्म. आज तिचंच नाव नॅशनल कन्झ्युमर व्हॉइस फॉर क्वालिटी लाँग-टर्म केअर. तेव्हा तिथे औषधं देऊन गुंगवून ठेवणं, पलंगाला बांधणं सर्रास होतं. संघटनेने १९८५ मध्ये एक काम केलं, ते मला फार मोठं वाटतं. १५ शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना बसवून विचारलं की चांगली देखभाल म्हणजे तुम्हाला काय वाटतं? तोवर हे डॉक्टर सांगत, अधिकारी सांगत, मालक सांगत. या लोकांनी सांगितलं की सर्वांत आधी आमच्याशी नीट बोलणारी, पुरेशी माणसं हवीत. पुढे १९८७ मध्ये कायदा झाला, त्यात सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना रहिवाशांचे हक्क बंधनकारक झाले.

भिंतीवरच्या कागदातला तो बाहेरचा माणूस म्हणजे ओम्बुड्समन. आपल्याकडे बँकेविरुद्ध जसा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल असतो, तसा. ही व्यवस्था १९७२ मध्ये काही राज्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९७८ पासून प्रत्येक राज्याला सक्तीची झाली. त्यात सामान्य नागरिकही प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक होतात. तो आश्रमात जाऊ शकतो, रहिवाशाशी एकट्याने बोलू शकतो, आणि रहिवाशाच्या परवानगीशिवाय त्याचं नाव फोडू शकत नाही. हे शेवटचं नीट वाचा. मला ते उशिरा कळलं आणि त्याची किंमत वन्संनी मोजली.

अमेरिकेचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. कोव्हिडमध्ये तिथल्या अशा संस्थांमधले दोन लाखांहून अधिक रहिवासी आणि कर्मचारी गेले. घरच्यांना महिनोन्महिने खिडकीतून हात हलवावा लागला. माणसं कमी असतील तर भिंतीवरचा कागद कुणाला पाणी पाजत नाही. पण कागद असला की निदान भांडायला जागा असते.

तर किंमत कशी मोजली ते सांगते. एप्रिलमध्ये मी परत आले ती अंगात वारं भरूनच. दुसऱ्याच आठवड्यात आश्रमाच्या व्यवस्थापकांकडे गेले, बिलांची फाइल आपटली, जेवणाची वेळ काढली, चपातीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आमच्यावर विश्वास नसेल तर घेऊन जा." मी म्हटलं, लेखी द्या. ते गप्प बसले. मी विजयी मुद्रेने घरी आले.

संध्याकाळी वन्संचा फोन. रडत होत्या. व्यवस्थापक खोलीत जाऊन विचारून आले होते, "घरी काय काय सांगितलंत?" त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मला म्हणाल्या, "तू तुझ्या घरी गेलीस. मला इथे राहायचं आहे. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

मैत्रिणींनो, एवढं वाचून, कागद पाठ करून मीही तेच केलं होतं जे पुण्यतिथीला केलं. त्यांच्या भल्याचं मी ठरवलं, मी केलं, आणि उपाशी राहिलं ते माणूस वेगळंच.

पुढचे पंधरा दिवस मी फक्त वन्संकडे जाऊन बसले. मूग भिजवून न्यायचे, गप्पा मारायच्या. मग त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "एकटीचं नाव नको. सगळ्यांना विचार." मी एक वही नेली. वन्सं स्वतः वॉकर घेऊन खोल्याखोल्यांत गेल्या, मी मागून वही घेऊन. मला खात्री होती की जेवण आणि पैसे हेच निघणार. तसं ते निघालंच. पण आधी जे निघालं ते असं: दार वाजवून या. आमचे केस विचारून कापा. (बायकांचे केस सोयीसाठी सरसकट आखूड कापले जातात. एक आजी म्हणाल्या, नवरा गेला तेव्हासुद्धा मी केस ठेवले होते.) पंखा बंद करण्याआधी विचारा. आंघोळीला बायकांना बाईच द्या. आणि जेवण देणारे येतात तेव्हा आमचे फोटो काढू नका, निदान घास तोंडात असताना तरी नको.

फोटोचं ऐकून मी मान खाली घालून लिहीत राहिले.

एक गोष्ट वहीत कुणी सांगितली नाही, ती मी पाहिली. एका खोलीतल्या बाईंना विस्मरणाचा आजार आहे, त्या उठून बाहेर चालू लागतात. दुपारी त्यांना ओढणीने खुर्चीला बांधलेलं होतं. घट्ट नव्हे, पण गाठ मागे. मी मावशींकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "काकू, मी एकटी आहे. गेटबाहेर हायवे आहे. तुम्हीच सांगा काय करू."

लहानपणी पाठशाळेत अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण घोकले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पंडितजी बैलाचं उदाहरण द्यायचे. गाठ मारून बांधू नये, मारू नये, नाक-कान कापू नयेत, ताकदीपलीकडे ओझं लादू नये, वेळच्या वेळी वैरण-पाणी द्यावं. मला कधी वाटलंच नाही की ही यादी माणसाला लावायची वेळ येईल. खुर्चीची गाठ हा बंध. साडेसातचं जेवण, ज्याचा नियम आहे त्याच्यासाठी, हा अन्नपाननिरोध. आणि बावीस म्हाताऱ्यांमागे रात्री एकच मावशी, तीही दिवसाची पाळी करून थांबलेली, हे अतिभारारोपण. तिने गाठ मारली, पण तिच्या पाठीवरचं ओझं कुणी घातलं? कमी पैशांत आश्रम हवा म्हणणाऱ्या आम्हा घरच्यांनीसुद्धा. म्हणून रहिवाशांचे हक्क मागणारी माणसं मावशींच्या विरोधात उभी राहिली, तर ती अर्धी लढाई तिथेच हरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या स्वाध्याय मंडळात मी हे बोलले तेव्हा एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आपण सेवा करावी. हक्क-बिक्क हे युनियनवाल्यांचं काम. आपल्या धर्मात वैयावृत्त्य आहे." त्यांचा मान राखून मी तिथे गप्प बसले, इथे लिहिते. वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे, बाहेर दाखवायचं नाही, म्हणून ते अंतरंगात घातलं आहे. मुनींच्या वैयावृत्त्यात आपण काय करतो? त्यांचा नियम काय, त्याग काय, प्रकृती कशी, हे आधी जाणून घेतो आणि त्याप्रमाणे आहार देतो. आपल्या सोयीने पावणेआठला चौका लावतो का? मग जो मुनी नाही, साधी म्हातारी श्राविका आहे, तिचा नियम विचारायला आपल्याला कमीपणा का वाटावा? आणि ती जैन नसली तरी तिचा गुरुवार असेल, तिला रोज एक कप कडक चहा लागत असेल. तोही तिचा नियमच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "ज्यांना कुणी नाही त्यांना आश्रम निदान छप्पर देतो. नियम लावत बसलात तर तो बंद पडेल." मी चार आश्रम पाहिले आहेत, चालवणाऱ्यांची ओढाताणही पाहिली आहे. किराणा उधारीवर, डॉक्टर ओळखीने येणारा, मुलं सहा-सहा महिने पैसे न पाठवणारी. त्यामुळे हा आक्षेप मी झटकत नाही. पण दार वाजवायला पैसे लागत नाहीत. बिलात पाच ओळी लिहायला पैसे लागत नाहीत. जेवण पावणेसहाला द्यायला तेवढंच धान्य लागतं. ज्याला खरंच पैसे लागतात ती रात्रीची दुसरी मावशी. तिथे आम्हा घरच्यांना खिशात हात घालावा लागला.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना ते उलटसुलट माहीत असतं. आपल्याकडे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ सालचा कायदा आहे. त्यात मुलांकडून चरितार्थ मागता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. निराधारांसाठी राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम काढावा, निदान १५० जणांचा, असंही त्यात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉ. अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सरकारांना या आश्रमांची माहिती गोळा करायला सांगितलं आणि प्रतिष्ठेने जगणं हा म्हाताऱ्यांचाही हक्क असल्याचं म्हटलं.

पण हे सगळं मुलगा आणि सरकार यांच्याबद्दल आहे. पैसे भरून खाजगी आश्रमात राहणाऱ्या माणसाचं त्या आश्रमाशी नातं काय, यावर तो कायदा फारसं बोलत नाही. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत त्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. ते मंजूर झालंच नाही. (त्याच डिसेंबरात मी पुरण वाटत होते.) तोवर एक साधा मार्ग उरतो. जिथे पैसे देऊन सेवा घेतली तिथे आपण ग्राहक आहोत, आणि ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी पावत्या लागतात. म्हणून मैत्रिणींनो, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, मग आश्रम कितीही ओळखीतला असो. अनामत कधी, किती दिवसांत परत मिळणार, मृत्यूनंतर कुणाला मिळणार, हे प्रवेशाच्या दिवशी लिहून घ्या. त्या दिवशी विचारायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. माझीही रेटली नव्हती. आणि ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये घालून ठेवा, स्वतःच्याही.

आमचं काय झालं? वहीतली यादी आजींच्या अक्षरात एका कागदावर उतरवली, खाली सतरा जणांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. पाच जणांनी केल्या नाहीत, त्यांना भीती वाटते, आम्ही आग्रह केला नाही. कागद घेऊन व्यवस्थापकांकडे मी गेले नाही. वन्सं आणि एक निवृत्त कंडक्टर आजोबा गेले, आम्ही चार घरचे लोक दारात उभे होतो. ते बोलतील तेवढंच बोलायचं, असं आधी ठरलं होतं. व्यवस्थापक पहिल्यांदा चिडले, मग कागद वाचताना "केसांचं मला माहीत नव्हतं" असं म्हणाले. मला वाटतं ते खरं बोलत होते.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक असते. पहिला अर्धा तास फक्त रहिवासी बसतात, आम्ही बाहेर. बिलात तपशील येतो. सूर्यास्ताआधी जेवणारे चौघे आहेत, त्यांची ताटं पावणेसहाला येतात. गेटला उंच कडी बसवली, आणि संध्याकाळसाठी आणखी एक मावशी ठेवली. तिचा पगार आश्रम अर्धा देतो, अर्धा आम्ही बावीस घरं वाटून घेतो, ज्यांना जमत नाही त्यांचा वाटा बाकीचे भरतात. ओढणी सुटली, पण रोज नाही. माणूस रजेवर असला की परत दिसते, आणि दिसली की वन्सं वहीत तारीख घालतात. एक महिन्याची लेखी सूचना दिल्याशिवाय कुणालाही काढणार नाही, हे मात्र अजून लिहून मिळालेलं नाही. "बघू" म्हणतात. दर बैठकीला हा विषय पहिला घेतला जातो.

आणि पुण्यतिथी. आम्ही अजूनही तिथेच जेवण देतो. आधी फोन करून विचारतो की काय करून आणू. गेल्या वर्षी उत्तर आलं, पुरणपोळी नको, दातांना जमत नाही, मऊ खिचडी आणि कढी आणा. सासऱ्यांच्या पुण्यतिथीला खिचडी म्हणून दिरांनी नाक मुरडलं. पाच वाजता पोचलो, फोटो काढला नाही.

ताट उलटं घालून बसलेल्या त्या आजी आता नाहीत. वन्सं तिथे जायच्या आधीच त्या गेल्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी वन्संचा फोन आला. पावणेसहाचं ताट सहा वाजून पाच मिनिटांनी आलं, तोवर उजेड होता म्हणून जेवले, पण आमटीत मीठ नव्हतं. मी म्हटलं, मी बोलू का उद्या? तर म्हणाल्या, "तू कशाला? रविवारी मीच बोलते. वहीत लिहून ठेवलंय."